खालचा बाण

दौलताबाद
६ सप्टेंबर २०२५

ती. आशाआक्का यांना कस्तुराचा नमस्कार.

त्या दिवशी सकाळी मी आधी अंगण झाडलं, शेळीला पाला टाकला, मग चुलीपुढं बसून दोन भाकरी थापल्या आणि तिसरी थापताना आठवलं की खाणारं माणूस घरात नाही. हे तुम्हाला सोडायला पाचोडला गेलेले होते. तिसरी भाकरी तरी भाजलीच, कारण पीठ मळून झालं होतं. मग ह्यांच्या कोल्डरूमवर गेले. ह्यांनी जाताना सांगितलं होतं, "झाडून घे, डबी पुसून घे, दार उघडं ठेवू नको." मी झाडलं, ओल्या फडक्यानं भिंतीवरची डबी पुसली, दार ओढून घेतलं आणि घरी येऊन उरलेली भाकरी शेळीला घातली. दोन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेचा तो दुसरा दिवस. काही घडलं आहे असं त्या दिवशी मला वाटलं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. हे तिसऱ्या दिवशी परत आले, तर आतली बेचाळीस कॅरेट सीताफळं काळी पडायला लागली होती. शेतकरी गटाच्या बैठकीत उभे राहून ह्यांनी "माझी चूक झाली" एवढं म्हटलं आणि खाली बसले. त्यानंतर दीड वर्ष गावानं त्यांना जे ऐकवायचं ते ऐकवलं. मार्चमध्ये हे गेले तेव्हा खांदा द्यायलाही तेच लोक आले. चांगली माणसं आहेत, फक्त विसरत नाहीत.

हे सगळं आज आठवायचं कारण असं, की ती डबी पुसायचा आता मला पगार मिळतो. गटाच्या अध्यक्ष मंजुषाताईंनी ह्यांची जागा मला दिली. टाईप केलेलं पत्र दिलं: "गं. भा. कस्तुराबाई पुंजाराम, शीतगृह परिचालक." परिचालक हा शब्द मला दोनदा वाचावा लागला. गं. भा. एकदाच पुरलं.

तुम्हाला फोन करत नाही, पत्र लिहिते, त्याचा राग मानू नका. फोनवर मी काय बोलते ते तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही नुसतं "व्हय, व्हय" म्हणता, हे मला कळतं. परवा मी शेळी आजारी आहे म्हणाले, तर तुम्ही "लई चांगलं झालं" म्हणालात.

काम सांगते. दाराजवळ भिंतीवर डबी आहे, तिला कंट्रोलर म्हणतात. वर लाल आकडा, तो थंडीचा. खाली हिरवा, तो हवेतल्या ओलाव्याचा. लाल पंधरा पाहिजे, हिरवा नव्वद. लाल सोळावर गेला की मशीन आपोआप सुरू होतं, पंधरावर आला की थांबतं. ओलावा कमी झाला की वरच्या नळीतून बारीक फवारा सुटतो. आकडा बदलायचा तर मधलं बटण दाबून धरायचं, आकडा लुकलुकायला लागला की बाणाच्या बटणानं वर-खाली करायचा आणि पाच सेकंद हात बाजूला ठेवायचा. ते पाच सेकंद सगळ्यांत अवघड. कुणाचा हात बाजूला राहत नाही.

डबीत दोन गोष्टी मला कळल्या नाहीत. एक, डबी "टक" करते आणि मशीन सुरू होतं, यात मेळ नाही. कधी टक आधी, कधी मशीन आधी. जुनं झालं असेल. दुसरी, खालच्या बाणाच्या कडेची खोबण लाल आहे, वरच्याची नाही. कंपनीनं धोक्याची खूण म्हणून रंगवली असावी. मी तरी त्या बाणाला हात लावत नाही.

हंगाम सुरू झाला आहे. डोळे उघडलेली, काढणीची सीताफळं येऊ लागलीत. गुडघा कसा आहे ते कळवा.

तुमची
कस्तुरा


पाचोड
१३ सप्टेंबर

चि. कस्तुरा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. रूपानं फोडायच्या आत मी फोडलं. माझी सून चांगली हाय पण तिला दुसऱ्याचं पत्र उघडं दिसलं की ते अनाथ वाटतं.

शेळीचं मला ऐकूच आलं नव्हतं. आता बरी हाय का.

तुला नोकरी लागली हे ऐकून पुंजाला लई आनंद झाला असता. तो लहान असताना मी त्याला पाटीवर आकडे गिरवून घेतले. चौथी शिकलेली मी, पण मास्तरणीसारखी छडी घेऊन बसायची. चारचा आकडा त्याला येत नव्हता, उलटा काढायचा. त्यानं पुढं तुला शिकवलं, म्हणजे तू माझीच नातशिष्य.

त्या भाऊबीजेचं तू काढलंस. माझ्या चांगलं ध्यानात हाय. हंगाम म्हणून तो घरी येईना, मग मीच ताट घेऊन खोलीवर आले आणि तिथंच ओवाळलं. त्या डबीलाबी कुंकू लावलं. दारात दोघं-तिघं बसलेले. एक म्हणतो, पुंजाराम, तुझ्या खोलीपरीस माझ्या विहिरीचं पाणी गार. दुसरा म्हणतो, आत गेलं तरी अंगावर काटा येईना, ही कसली थंड खोली. माझा भाऊ नुसता हसला. मला त्याचं हसणं लागलं.

तू भित्री हायस म्हणून सांगते. खोली चांगली गार ठेव. पंधरा काय, पंधरा तर आमच्या माजघरात असतं पौषात. त्या साली मशीनच नासकं निघालं, नायतर तेवढं गार करून ठेवल्यावर माल काळा पडतो व्हय? गारव्यानं माल टिकतो हे बाया-पोरींनाबी कळतं. लोक काय म्हणतील याला भिऊ नको, खाली आण आकडा.

गुडघा हाय तसाच हाय. मोसंबी बरी हाय.

आशीर्वाद
आशा


दौलताबाद
१९ सप्टेंबर

ती. आशाआक्का यांना नमस्कार.

शेळी बरी आहे.

तुमचा सल्ला वाचला. आक्का, रागावू नका, पण तसं नाही. मीही तसंच समजत होते. सीताफळ गारव्यानं टिकत नाही, गारव्यानं मरतं. पंधराला ठेवलं तर आठवडाभर चांगलं राहतं. बाराच्या खाली नेलं की साल काळवंडते, आत गर कडक राहतो, आणि बाहेर काढून ठेवलं तरी पिकत नाही. मोसंबीला जास्त गार चालतं, याला नाही. ते डोंगरातलं झाड आहे, उन्हात वाढलेलं.

मला हे कुठून कळलं ते सांगते. ह्यांच्या ट्रंकेत डबीचं माहितीपुस्तक सापडलं. इंग्रजी, गुजराती आणि चार पानं हिंदी. हिंदी आपल्याच अक्षरांत असतं, म्हणून वाचत बसले. त्यात डबी कशी चालवायची ते आहे, फळाचं काही नाही. फळाचं मला रद्दीत मिळालं. कॅरेटमध्ये फळांखाली घालायला आमच्याकडे जुनी वर्तमानपत्रं येतात, आणि माझं सगळं वाचन त्यांच्यावरच झालेलं आहे. ह्यांनी अक्षरं शिकवली, पुढचं रद्दीनं शिकवलं. म्हणून मला पुष्कळ बातम्या अर्ध्याच माहीत आहेत. एका खटल्याचा निकाल काय लागला हे मी सहा वर्षं शोधते आहे. पण सीताफळाच्या साठवणुकीचा लेख पूर्ण निघाला, आणि त्याच्या कडेला ह्यांच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: "१५. कुणी काहीही म्हणो."

म्हणजे ह्यांना माहीत होतं. मग बेचाळीस कॅरेट काळे कसे पडले? मशीन नासकं नव्हतं. हे परत आले तेव्हा लाल आकडा चार होता. चार आपोआप होत नाही. मधलं बटण धरून कुणीतरी बाण अकरा वेळा दाबल्याशिवाय पंधराचे चार होत नाहीत. आणि दाबणाऱ्यानं नंतर पाच सेकंद हात बाजूला ठेवला असला पाहिजे. म्हणजे शिस्तीचं माणूस होतं.

मी हे कुणाला बोललेले नाही. तुम्हालाच लिहिते.

माझं काम बरं चाललं आहे. मंजुषाताईंनी परवा सगळ्यांपुढं माझं कौतुक केलं. म्हणाल्या, "बघा, काकूंनी डबी हातात घेतल्यापासून आकडा पंधराच्या पुढं-मागं हललेला नाही. पुरुषांना हे जमत नाही." मी रोज दोनदा आकडे वहीत लिहिते. कधी सोळा झाले की बटण धरून बघते, नेमलेला आकडा पंधराच आहे ना. पंधराच असतो. थोड्या वेळानं वरचा आकडाही पंधरा होतो. माझ्या हाताला यश आहे असं मलाही वाटायला लागलं आहे.

उत्तर लवकर पाठवा.

कस्तुरा


पाचोड
३ ऑक्टोबर

चि. कस्तुरा हिस आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. गुडघा दुखत होता. मग पाऊस होता. मग रूपाच्या माहेरचे आले. मग दसरा आला.

जुनं उकरू नये. मेलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाय आणि जित्या माणसाला त्रास.

एक विचारते. तो आकडा कुणी खाली आणला याबद्दल पुंजा जायच्या आधी तुला काय बोलला का? कुणाचं नाव घेतलं का? खरं सांग. आणि त्या डबीवर खाली न्यायचा बाण म्हणतेस तो त्रिकोणीच ना, खालच्या अंगाला? का दुसरं कुठलं बटण हाय?

यंदा भाऊबीज नाय मला. चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा.

रूपा हाक मारती हाय, म्हणजे मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं, म्हणजे सगळ्या पाचोडला.

आशा


दौलताबाद
७ ऑक्टोबर

ती. आशाआक्का यांना नमस्कार.

तुम्ही विचारलंत, तेव्हा उत्तर द्यायलाच पाहिजे. तुमचा रोख कुणाकडे आहे ते मला कळलं. मागच्या पत्रात मी काही लपवलं होतं, ते आता लिहिते.

त्या तिसऱ्या दिवशी हे पाचोडहून आले, डबीपुढं उभे राहिले आणि खूप वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग मला विचारलं, "हिला कुणी हात लावला होता?" मी म्हटलं, "मी पुसली, तुम्ही सांगितलं होतं म्हणून." ते म्हणाले, "बरं." बस्स, एवढंच बोलले. आणि मी लाल आकडा चार बघितला होता, आक्का. चार मला तेव्हाही वाचता येत होता. मी म्हटलं छान, खोली गार आहे. दोन दिवस मी चार बघत होते आणि खूश होते. ओल्या फडक्यानं पुसताना बाण दाबला गेला असणार हे मला त्या "बरं" वरूनच कळलं. अकरा वेळा कसा दाबला गेला ते मी स्वतःला विचारलं नाही. पुढं ते मला कधी काही बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. एका ताटलीत जेवत होतो.

आता नवीन काय ते ऐका.

मंजुषाताई चार दिवसांपूर्वी आल्या. मोठे साहेब खोली बघायला येणार आहेत. म्हणाल्या, "काकू, साहेब आत शिरले की त्यांना हुडहुडी भरली पाहिजे. आठवर आणून ठेवा." मी म्हटलं, फळ काळं पडेल. त्या म्हणाल्या, "दोन तासांनी काही होत नाही. आज करून बघा, किती वेळ लागतो गार व्हायला." मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पगारपत्रावर सही त्यांची आहे. मी बटण धरलं, त्या लाल खोबणीच्या बाणाला पहिल्यांदाच बोट लावलं आणि सात वेळा दाबलं. पाच सेकंद हात बाजूला ठेवला.

वरचा आकडा पंधरावरच. तासाभरानं पंधरा. दुपारी पंधरा. डबी आतून टक-टक करत होती, आणि मागचं मशीन आपल्या वेळेला सुरू होत होतं, आपल्या वेळेला थांबत होतं. जणू माझं त्याच्याशी काही नातंच नाही.

मी वायरमन रामकिसनला बोलावलं. त्यानं बघितलं आणि तो चक्क हसला. "काकू, मला वाटलं तुम्हाला माहीत हाय." मग त्यानं डबी भिंतीवरून उतरवली. मागं दोन वायरी कापून त्यांच्या टोकांना हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, अगदी व्यवस्थित. ह्यांचीच गुंडाळणी. मग तो मला मागच्या बाजूला घेऊन गेला. मशीनच्या जाळीत एक पत्र्याची पेटी आहे, मला वाटायचं त्यात फ्यूज असतील. ह्यांच्या जुडग्यातली जी बारकी चावी कशालाच लागत नव्हती ती तिला लागली. आत दुसरी डबी. लाल पंधरा, हिरवा नव्वद. खोली ती चालवते.

म्हणजे महिनाभर मी जी चालवत होते, तिच्यावर काहीच चालत नव्हतं. ती फक्त आकडा दाखवते. माझं जे कौतुक झालं ते एका भिंतीवरच्या दिव्याचं कौतुक.

मी रामकिसनला विचारलं, हे कधी केलं. सगळ्यांसारखा तोही ह्यांना आप्पाच म्हणतो. म्हणाला, "माल काळा पडला ना, त्याच आठवड्यात. आप्पा म्हणले, नवी मागं बसव, जुनी पुढंच राहू दे, लोकायला दाबायला काहीतरी पाहिजे. मी म्हणलं, आप्पा, सरळ कुलूप लावा की डबीला. तर म्हणले, घरचंच माणूस हाय रे. त्याला नाय म्हणता येत नाय."

घरचंच माणूस. आक्का, ह्या घरात ते सोडून एकच माणूस होतं.

म्हणजे त्यांना कळलं होतं. माझ्या हातून झालं हे त्यांनी गावापासून लपवलं, स्वतःवर घेतलं, आणि मला न दुखवता माझ्या हातातून मशीन काढून घेतलं. मी रोज डबा घेऊन जायचे तेव्हा हे मला म्हणायचे, "डबी पूस गं." मी पुसायचे. ते बाजूला बसून बघायचे. आता मला कळतं, ते का निश्चिंत असायचे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. त्यांनी नाव घेतलं नाही, पण माणूस मीच. रामकिसनला मी म्हटलं, लाव परत भिंतीवर जशी होती तशी, आणि मंजुषाताईंना बोलू नको. आठचे परत पंधरा केले. तेही कशाला केले कोण जाणे.

रोज आकडे लिहिते. आता मागच्या पेटीतले.

कस्तुरा


पाचोड
११ ऑक्टोबर

कस्तुरा,

तुझं पत्र कालच आलं. आणखी एक दिवस घालवायला नको म्हणून सकाळी उठल्या उठल्या लिहायला बसले. रूपाला सांगितलं, चहा दे आणि जा.

तू नाय. मी.

भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं, डबीला कुंकू लावलं. तो माझ्यासाठी साडी आणायला घराकडं गेला. दारातले दोघं हसत होते. एक मला म्हणतो, आक्का, भावाला सांगा पंखा लावायला, आत उकडतंय. मी म्हणलं थांब मेल्या. डबी पुंजानं आदल्या साली मला दाखवली होती, मोठ्या कौतुकानं, हे बटण धरायचं, हा बाण, मग हात बाजूला. मी चांगली शिष्य हाय. बटण धरलं, कुंकवाच्या बोटानंच बाण दाबत गेले, चार येईस्तोवर. चारच का? तो लहानपणी चार उलटा काढायचा म्हणून. मला तो आकडा दिसला आणि बरं वाटलं, तिथंच थांबले. पाच सेकंद हात बाजूला ठेवला.

मग साडी घेऊन तो आला, मी त्याला म्हणलं चल आता मला सोडायला, दोन दिवस राहा, तुझी खोली कुठं पळून जात नाय. त्यालाबी मीच राहवून घेतलं. तो दुसऱ्या दिवशी निघत होता, मी धपाट्याचं पीठ मळलं.

माल काळा पडल्याचं कळलं तेव्हा मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, बरं झालं मी जाताना गार करून आले, नायतर सगळाच गेला असता. दोन वर्षं मी असं समजत होते. मनातल्या मनात म्हणायची, पुंजाला ठाऊक नाय, पण त्याची थोडी तरी लाज बहिणीनं राखली. तुझं दुसरं पत्र वाचलं तवा कळलं, माल मीच मारला. म्हणून दोन आठवडे पत्र नाय. गुडघा-बिडघा काय नव्हता. मग तुला विचारलं तो काय बोलला का, तर ते मला माझ्यापुरतं कळून घ्यायचं होतं. तुझ्यावर माझा रोख कशाला असंल? तू तर नुसती पुसणारी.

आता पुढचं ऐक, ते मला तुझ्या पत्रानंच कळलं. गेल्या साली भाऊबीजेला मी परत खोलीवर आले. ओवाळून झालं तर पुंजा स्वतःहून म्हणतो, "आक्का, खोली गार वाटत नाय. तुझ्या हातानं कर जरा गार." मी पुन्हा दाबत बसले, चारवर आणलं. तो माझ्याकडं बघत हसत होता, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मला वाटलं बहिणीचं कौतुक. तू म्हणतेस त्या दोन वायरी तवा कापलेल्या होत्या. माझा भाऊ मला खेळणं देऊन बसला होता, चौऱ्याहत्तरीला आलेल्या बाईला.

साडी मी नेसून फाडली. ती ओवाळणी नव्हतीच. खरी ओवाळणी काय दिली ते आत्ता कळतंय, आणि परत करायला माणूस नाय.

हे पत्र बैठकीत वाच. नाव घेऊन वाच. पाचोडच्या आशाबाईनं केलं म्हण. मला ऐकू येत नाय, मला काय, कुणी काय बोललं तरी.

तुझी माफी मागते. मोठी असून मागते.

आशा


दौलताबाद
१७ ऑक्टोबर

ती. आशाआक्का यांना नमस्कार.

तुमचं पत्र परवा सकाळी आलं. त्याच दिवशी साहेब यायचे होते, म्हणून आधी दाराशी बसून पत्र वाचलं आणि मग उठून रांगोळी काढली. रांगोळी वाकडी आली.

मला राग आला आहे. तुमचा आला, तो असा की तुम्ही दोन आठवडे गुडघ्यामागं लपलात आणि मी इथं स्वतःला खात होते. पण त्याहून ह्यांचा जास्त आला. बहिणीला लाज वाटू नये म्हणून ह्यांनी सगळं गिळलं ते चांगलंच केलं. पण "बरं" म्हणण्याऐवजी "तू नाही" एवढे दोन शब्द मला म्हणायला काय झालं असतं? मला काही वाटत असेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नसेल. मी विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी विचारलं नाही. आता ट्रंक आहे, चावी आहे, रद्दीच्या कडेला लिहिलेलं पेन्सिलीचं अक्षर आहे, आणि विचारायला कुणी नाही. हा राग मी कुणावर काढू ते मला कळत नाही. तुम्हाला लिहून काढते.

साहेब दुपारी आले. आत गेले, बाहेर आले, म्हणाले, "अजून गार असायला हवं होतं." मंजुषाताईंनी माझ्याकडे बघितलं. आठवर का नाही आणलं, असं ते बघणं होतं. मी साहेबांना पुढच्या डबीकडे नेलं आणि म्हटलं, "साहेब, तुमच्याच हातानं करा. हे बटण धरा, हा बाण." ते सहावर थांबले. सहा कशासाठी ते त्यांनाच माहीत. मी म्हटलं, "आता पाच सेकंद हात बाजूला." त्यांनी दोन सेकंदांतच परत हात लावला, सगळे लावतात. मग चहा झाला, फोटो झाला, आणि जाताना ते पुन्हा आत डोकावून म्हणाले, "हां, आता फरक जाणवतोय." मंजुषाताईंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की माझी नोकरी पक्की. मी मागं जाऊन पेटी उघडली. पंधरा, नव्वद.

तेव्हा मला ह्यांच्यासारखं हसू आलं. तुम्ही म्हणता तसंच, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

तुमचं पत्र बैठकीत वाचलं नाही. वाचणार होते. पिशवीत घेऊन गेले होते. पण बैठकीत साहेबांच्या भेटीचंच चाललं होतं, आणि मी उभी राहून म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी माल काळा पडला तो ह्यांच्या चुकीनं नाही. खोली गार नाही म्हणून सगळे हिणवत होते, म्हणून कुणीतरी भल्यासाठी आकडा खाली केला. हे मी वहीत लिहून ठेवलं आहे." मंजुषाताईंनी विचारलं, कुणी केला. मी काही बोलायच्या आत मागून गटातल्या सोनियाची सासू म्हणाली, "मी एकदा दाबलं होतं बाई, पण ते नंतर, गेल्या साली." तिच्या शेजारचीनंही दाबलं होतं. दारात बसणारा तो विहिरीवाला, तो म्हणाला त्यानं चारदा दाबलं होतं, आणि दर वेळी खोली चांगली गार झाली होती. आक्का, अर्ध्या गावानं आमची खोली चालवलेली आहे. पुढं कुणी नाव विचारलं नाही. ज्यानं-त्यानं आपलं बोट आठवलं. शेवटी मंजुषाताई म्हणाल्या, आप्पांची चूक नव्हती असं इतिवृत्तात लिहा. लिहिलं. मी ते वाचून बघितलं, मग अंगठ्याच्या जागी सही केली.

तुमचं नाव मी राखून ठेवलं ते तुमच्यासाठी नाही. ह्यांनी ते ज्याच्यासाठी राखलं होतं, ते मी मोडावं असं मला वाटलं नाही. आणि तुम्ही चौथी शिकलेल्या, मी रद्दी शिकलेली. मीही सात वेळा दाबलं होतंच. माझ्याही बोटाखाली वायरी कापलेल्या होत्या म्हणून माझी फळं वाचली.

पहिलं वर्ष आहे, दिवाळी करायची नाही. पण भाऊबीजेला तुम्ही या. ओवाळायला माणूस नाही हे मलाही कळतं. सकाळी सातची गाडी पकडलीत तर दुपारपर्यंत पोचाल. खोली उघडी असेल, पुढची डबी भिंतीवर असेल, हवं तेवढं दाबा. माझ्या राग-लोभाचं तुम्ही आल्यावर बघू. मोठ्यानं बोलेन.

ती लाल खोबण कंपनीनं रंगवलेली नाही हे परवा कळलं. दीड महिना मी तिच्यावरून रोज फडकं फिरवत होते, आणि त्याआधी हे असताना दीड वर्ष. ह्यांनी तिसऱ्या दिवशी डबीपुढं उभं राहून काय बघितलं असेल तेही कळलं. पत्र आलं त्या दिवशी मी डबी पुसलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडलं, शेळीला पाला टाकला, दोनच भाकरी थापल्या आणि कोल्डरूमवर गेले. मागची पेटी उघडून पंधरा आणि नव्वद वहीत लिहिले. मग पुढची डबी पुसली, खालचा बाण तेवढा सोडून.

तुमची
कस्तुरा